किल्ल्यात आलिशान हॉटेल : नेमका वाद कशाचा?

मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कपासून घोडबंदर किल्ला काही किलोमीटरवर. अशा एखाद्या किल्ल्यात उद्या हॉटेल झाले तर?

प्रस्ताव काय होता?
राज्यातील २५ किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या बातमीने सप्टेंबर २०१९ मध्ये वादळ उठले. छत्रपती शिवाजी महाराजांशी संबंधित किल्ले यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला.

समर्थकांचे म्हणणे काय?
वापर नसलेली वास्तू लवकर ढासळते. हॉटेलच्या उत्पन्नातून तिची डागडुजी होते, रोजगारही मिळतो.

मग अडचण कुठे?
गोव्याच्या उत्तर टोकाचा तेरेखोल किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकावला. पुढे याच किल्ल्यात हॉटेल सुरू झाले. खोलीचे भाडे न परवडणाऱ्यालाही ही जागा पाहण्याचा हक्क हवाच.

करारात काय पाहावे?
भाडेपट्ट्याची मुदत, बांधकामातील बदलांची मर्यादा आणि मुक्कामाला नसलेल्यांना प्रवेशाची वेळ. पहिल्या दोन अटींनी वास्तू वाचते. तिसरीमुळे ती लोकांची राहते.