कधी की कढी?

अंक चार दिवस उशिरा हाती पडतोय, त्याला जबाबदार मी. डब्लिनच्या मुलांनी यंदा बालविभागासाठी भरभरून लिहिलं, पण बहुतेक मजकूर आला रोमन अक्षरांत. ‘तसाच छापा’ असा मंडळातल्या काहींचा आग्रह. मी नाही म्हटलं, देवनागरीत उतरवायला बसले, आणि मुस्ताई करीम डोक्यात घोळू लागला.

हा रशियातल्या बाश्कीर भाषेतला कवी, नाटककार. जन्म १९१९चा, क्ल्याशेवो गावातला. त्याच्या लहानपणी बाश्कीर अरबी वळणाच्या लिपीत लिहीत. १९३०च्या सुमारास रोमन आली, १९४०मध्ये सिरिलिक. म्हणजे त्याचं १९३८चं पहिलं पुस्तक (तेही मित्रासोबतचं) एका लिपीतलं आणि १९४१चं दुसरं वेगळ्याच लिपीतलं. आजोबांची पत्रं नातवाला परकी व्हावीत, असा हा झपाटा. सोव्हिएत सत्तेशी त्याचं बरं होतं, १९८४ साली लेनिन पारितोषिकही मिळालं. ते झाकायचं कारण नाही. पण लिहिलं बाश्कीरमध्येच. युद्धकाळात एक युक्रेनी मुलगी बाश्कीर घरात येते, तिला घरची भाषा कळत नाही आणि घरच्या मुलाला तिची, अशी त्याची एक बालकथा आहे. २०१९ साली तिच्यावर चित्रपट निघाला. इथल्या पाळणाघरातून पहिल्या दिवशी इंग्रजी शब्द घेऊन परतलेलं आपलं पोर आठवा.

मंडळातल्या एकाने विचारलं, “मोडी गेली, मराठी राहिलीच ना?” प्रश्न बिनतोड. पणजोबांचे जमिनीचे कागद वाचायला आपल्यालाही जाणकार शोधावा लागतो. बाश्कीरांना निदान हुकूम तरी आला होता. आपल्याला रोमनचा कुणी हुकूम दिला नाही, फोनच्या कळांनी परस्पर निकाल लावला.

माझं उत्तर अगदी व्यवहारी होतं. मोडीत ण होता, ळ होता, द आणि ड वेगळे होते. आता हे पाहा. आठ वर्षांच्या एका मुलीने रोमनमध्ये लिहिलंय : ‘दिवाळीला आजी येणार. आजी के-ए-डी-एच-आय करणार’. पुढे ना पूर्णविराम, ना प्रश्नचिन्ह. आजी कधी करणार? की आजी कढी करणार? आणि कधी असेल, तर काय करणार?

रात्री नऊला तिच्या आईला फोन लावला. मागून मुलीचाच आवाज आला, “अगं, ती आंबट, पिवळी!”

पान २४वर कढी छापली आहे.