उरलेल्याचे कालवण

विद्यार्थ्याने ज्याची सर्वांत जास्त धास्ती घ्यावी अशी भाजी एकच, ती म्हणजे भोपळा! उत्तरपत्रिकेवर तो एकदा अवतरला की वर्षभराची झोप उडते. पण आज मला त्या भोपळ्याविषयी लिहायचे नाही. आमच्या घरी दर मंगळवारी रात्री चुलीवर शिजतो, त्या खऱ्याखुऱ्या तांबड्या भोपळ्याविषयी लिहायचे आहे. आमच्या भागात त्याला डांगर म्हणतात. आता 'वार्षिकात लिहायला दुसरा विषय मिळाला नाही का?' असे कोणी विचारील. विषय पुष्कळ होते. पण मागच्या वर्षी आमच्याच स्नेहसंमेलनात मी एक खोटे बोलले, आणि ते बोलणे या भोपळ्यापाशी येऊन थांबते. म्हणून हा लेख.

मंगळवार हा आमच्याकडे बाजाराचा दिवस. माझी आई त्या दिवशी भाजी विकायला बसते. अख्खे डांगर मोठे गुणी असते. देठ शाबूत असला आणि साल कुठे खरचटली नसली, तर ते घराच्या कोपऱ्यात महिनेच्या महिने टिकते. पण एकदा विळी लागली की त्याचे दिवस भरले. दोन-तीन दिवसांत ते पाणी सोडू लागते. आणि आजकाल अख्खे डांगर घेतो कोण? पाव किलो, अर्धा किलो अशी फोड मागतात. त्यामुळे बाजार उठताना शेवटची एक फोड, बिया आणि आतल्या ओल्या जाळीसकट, आईच्या पाटीतून घरी परत येते. तिच्याबरोबर येतात भोक पडलेली दोन वांगी, गिऱ्हाइकाने हातात घेऊन परत ठेवलेली वाकडी गाजरे, तळाला दबून फुटलेले टोमॅटो, मुळ्याचा पाला आणि कोथिंबिरीच्या काड्या.

या सगळ्याचे आई कालवण करते. आधी बसून निवडायचे. किडलेला भाग कापून टाकायचा, बुळबुळीत झालेले किंवा बुरशी धरलेले सरळ गुरांपुढेही न टाकता उकिरड्यावर. डांगराचा एक बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. "कडू लागलं तर सगळं टाकायचं. जीव काय भाजीपेक्षा सस्ता हाय व्हय?" असे ती म्हणते. मग मूठभर तूरडाळ शिजत टाकायची, तिच्यात गाजर आणि डांगर, मागून वांगी व टोमॅटो, आणि पाला अगदी शेवटी. डांगर शिजून विरघळते आणि तेच रश्शाला दाटपणा देते. पळीच्या पाठीने थोडे घोटायचे. वरून लसूण, जिरे आणि लाल मिरचीची फोडणी. काड्या बारीक चिरून त्या फोडणीतच. बिया धुऊन वाळवून ठेवायच्या, त्या नंतर भाजून खायला. आम्ही भावंडे भाकरी कुस्करून ते कालवण ओरपायचो आणि त्याला 'उरलेल्याचे कालवण' म्हणायचो. तेव्हा त्या नावात आम्हाला काही कमीपणा वाटत नव्हता.

कमीपणा वाटू लागला तो मी कॉलेजात आल्यावर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी डबा उघडताना मी झाकण पुढे धरून बसत असे. 'काय आणलंस?' असे विचारले की 'सांबार' म्हणायची. सांबाराला कोणी नावे ठेवत नाही!

मागच्या संमेलनात पाककला स्पर्धा होती. विषय होता 'टाकाऊतून टिकाऊ'. एका मैत्रिणीने उरलेल्या भोपळ्याचे आणि भाज्यांचे सूप केले. मिक्सरमधून काढलेले, वर सायीची एक रेघ, पांढऱ्या कपात, शेजारी पावाचे तळलेले तुकडे. त्याला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी काटकसर, पौष्टिकता आणि कल्पकता या तिन्ही गुणांचे कौतुक केले. सूप खरोखर चांगले होते. मी दोन कप प्यायले आणि टाळ्याही वाजवल्या. तेव्हा त्या मैत्रिणीने मला सहज विचारले, "तुमच्याकडे करतात का गं असं काही?" मी म्हणाले, "नाही बाई."

हेच ते खोटे. त्यात माझ्या मैत्रिणीचा काही दोष नाही, परीक्षकांचाही नाही. दोष माझा आहे. पण तो एकटीचा आहे असेही मला वाटत नाही. तीच भाजी, तोच विस्तव, तीच काटकसर. आमच्या घरी ती 'गरज' ठरते आणि कपात ओतली की 'कल्पकता' ठरते, असे का?

वास्तविक उरलेसुरले वापरणे हा काही एकट्या गरिबाचा धर्म नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी कोणत्या मराठी घरात होत नाही? रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, भाताला फोडणी बसते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी म्हणजे मिळतील त्या सगळ्या भाज्यांचा मेळावाच. आणि जो डांगर आपण इतका आपला मानतो, तो मूळचा अमेरिका खंडातला. मिरची, टोमॅटो, बटाटा ही मंडळीही तिकडचीच. तेव्हा कालवण गावठी आणि सूप परदेशी असा भेद करायला तर मुळीच जागा नाही.

उलट आज हा प्रश्न साऱ्या जगाचा झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली एक अहवाल काढला. त्यात २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यातले जवळजवळ ६० टक्के हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, तर घराघरांत वाया गेले. हे आकडे वाचताना मला आईची पाटी आठवली. तिच्या त्या पाटीतले किती अन्न या १०५ कोटी टनांत जाण्यापासून वाचले असेल!

एवढे सगळे विचार जमवून मी मोठ्या उत्साहाने वर्गातल्या एका मित्राला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या आईचं कालवण तिच्या स्वतःच्या पाटीतलं आहे. माझ्या पणजोबांना गावकीच्या कामाबद्दल दारोदार फिरून शिळे तुकडे गोळा करावे लागत. त्याच्यावर पण लेख लिहिशील का, काटकसर म्हणून?"

माझा उत्साह तिथेच ओसरला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला शिळे तुकडे मागून खाणे सोडा असे सांगितले, ते काय अन्नाची नासाडी करा म्हणून सांगितले होते? ओमप्रकाश वाल्मीकि यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी आत्मकथनाला 'जूठन' हे नाव दिले. जूठन म्हणजे उष्टे. ज्यांना ते खावे लागले, त्यांच्यापुढे उरलेल्या अन्नाचे गोडवे गाणे हा निव्वळ उद्धटपणा होईल.

पण विचार करता करता माझ्या ध्यानात आले की आपल्या भाषेने हा भेद आधीच करून ठेवला आहे. 'उरलेले', 'शिळे' आणि 'उष्टे' हे तीन शब्द निराळे आहेत. उरलेले म्हणजे अजून कोणी न खाल्लेले. शिळे म्हणजे वेळ होऊन गेलेले. उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचे. लाज वाटायची तर ती दुसऱ्याला उष्टे आणि शिळे खायला लावणाराला वाटली पाहिजे. आपण मात्र तिन्ही शब्दांची एकच मोट बांधतो आणि सारी लाज खाणाऱ्याच्या माथी मारतो. भाजी कोणती हा प्रश्नच नाही. पातेले कोणाचे, आणि काय ठेवायचे व काय टाकायचे हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आहे.

याच भोपळ्याची एक गोष्ट सांगते. कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. तिथे फ्रेंचांची सत्ता असताना आफ्रिकेतून आणलेले गुलाम मळ्यांत राबत. भोपळ्याचे सूप तेच रांधत, पण ते पिण्याचा मान मालकांचा. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला, आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला तिथे घरोघर भोपळा, कोबी, गाजर, बटाटे आणि मांस घालून ते सूप करतात आणि शेजाऱ्यांना वाटतात. 'सूप जुमू' हे त्याचे नाव. २०२१ साली युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. भोपळा काही बदलला नाही. पातेल्याचे मालक बदलले. माझ्या मित्राला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "हे लिही."

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख पुन्हा खोटा होईल. आमचे कालवण सर्वांत दाट कधी होते? ज्या दिवशी पाऊस पडून बाजार मोडतो तेव्हा. त्या रात्री पातेले काठोकाठ भरते आणि आई फारशी बोलत नाही. म्हणून गरिबीत काही मौज असते असे मला म्हणायचे नाही. आईची पाटी दर मंगळवारी रिकामी होऊन यावी हीच माझी इच्छा आहे. पण जे उरेल त्यातून चार माणसांचे जेवण उभे करण्याची तिची जी विद्या आहे, ती विद्याच आहे. कोणत्या भाजीला किती आच, कशाने दाटपणा, काय टाकायचे, हे सारे तिला ठाऊक आहे. ती शाळेत चौथीपर्यंत गेली. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे, आणि अजून मला तिच्यासारखी निवड करता येत नाही.

तेव्हा या वर्षीच्या स्पर्धेत मी नाव दिले आहे. पदार्थाचे नाव सूप नाही, 'उरलेल्याचे कालवण' असेच लिहिले आहे. कप नाही, घरची जर्मनची वाटी नेणार आहे. स्पर्धा बुधवारी आहे, म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. हे आईला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आन् मंगळवारी समदा माल खपला, तर गं?"

मी म्हणाले, "तर बुधवारी नाव काढून घेईन."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला