कोंबडी तिची, पैसा कुणाचा?

अकोले तालुक्यातल्या एका आदिवासी वाडीत पावसाळ्याआधी आमची बैठक होती. विषय रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचा. तो संपत आला तशी मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, ही सेंद्रिय कोंबडी म्हणजे कोणती? आमच्याकडं गाडीवाला येतो. म्हणतो, तुमची कोंबडी सेंद्रिय हाय, शहरात लई भाव हाय तिला. इतकी वर्षं बाजारात नेली, तवा कोणी असं बोललं नाही." बायका हसल्या. मग तिच्या शेजारची म्हणाली, "भाव देतो खरा. पण पैसे टाकतो मालकाच्या फोनवर." यावर कोणी हसले नाही.

त्या दिवशी मजुरीचा विषय बाजूला राहिला आणि दोन तास कोंबड्यांवर बोलणे झाले. परतताना आमच्या लक्षात आले की पाणी, सरपण, जमीन, दारू या प्रश्नांवर आपण इतकी वर्षे बोलतो-लिहितो आहोत, पण कोंबडीवर आपल्या पानांत क्वचितच काही आले असेल. ती फार किरकोळ गोष्ट वाटते म्हणून असेल. पण तिचे किरकोळ असणे हेच तर बाईच्या कामाचे आहे. कोंबडी पाळायला सातबारा लागत नाही, कर्ज लागत नाही, कोणाची सही लागत नाही. पोराला ताप आला, वही-पुस्तक घ्यायचे आहे, माहेरी जायला एसटीचे भाडे हवे आहे, तर कोंबडी बगलेत मारायची आणि बाजार गाठायचा. बैल विकताना घरात चर्चा होते, बकरी विकतानाही होते. कोंबडी विकताना कोणी विचारत नाही. बाईने कोणाला न विचारता मोडावी अशी मालमत्ता आपल्या घरांमध्ये आणखी कोणती आहे?

आता ही कोंबडी वाढते कशी ते पाहू. शहरात 'नैसर्गिक पद्धतीने वाढवलेली' असे जे म्हणतात त्यामागे काय असते, ते त्या बैठकीत बायकांनीच मांडले. कोंबडी बारा-चौदा अंडी घालते आणि खुडूक होते. त्यातली चांगली अंडी निवडून, टोपलीत भाताचा पेंढा किंवा राख घालून तिला बसवायची. एकवीस दिवस. त्या काळात तिला उठवून दाणापाणी द्यायचे, उवा-पिसवा झाल्या तर टोपली उन्हात टाकायची, सापाला राखायचे. दहा पिल्ले निघाली तर पहिल्या दीड-दोन महिन्यांत निम्मी तरी जातात. घार आहे, मुंगूस आहे, बोका आहे, पावसाची झड आहे. म्हणून पिल्लांना डालग्याखाली झाकायचे, कणी-चुरी टाकायची, वाळवी लागलेले लाकूड आणून त्यांच्यापुढे आपटायचे. संध्याकाळी मोजून खुराड्यात घालायच्या, सकाळी खुराडे झाडायचे. पेरणीच्या दिवसांत तर डोळ्यांत तेल घालून राखावे लागते, कारण औषध लावलेले बियाणे खाल्ले की कोंबडी गेलीच. एवढे करून कोंबडा दीडेक किलोचा व्हायला पाच-सहा महिने जातात.

याला आपल्याकडे 'आपोआप वाढते' असे म्हणतात! पशुसंवर्धनाच्या पुस्तिकांमध्येही 'विनाखर्च', 'फावल्या वेळेतील' असे शब्द असतात. बाईला फावला वेळ असतो हे कोणी ठरवले, ते एकदा विचारायला हवे. त्या बैठकीत आम्ही हिशेब केला. आठ-दहा कोंबड्यांसाठी दिवसाला फक्त पाऊण तास धरला, तरी सहा महिन्यांत १३५ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या जवळजवळ १७ मजुऱ्या. त्या कोणाच्याच हिशेबात नाहीत. शहरातल्या गिऱ्हाइकाला त्या कोंबडीची जी चव लागते तिच्यात हे १३५ तास आहेत. (आणि घरात कोंबडी कापली तर तंगडी कोणाच्या ताटात जाते आणि रस्सा कोणाच्या, हे आपल्याला माहीतच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या.)

दुसऱ्या बाजूला ब्रॉयलर. तो पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. त्याला संप्रेरकांची इंजेक्शने देतात असे आपल्या गटांमध्येही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड आणि मका-सोयाबीनचे मोजून दिलेले खाद्य, एवढ्यावर तो तसा वाढतो. उगीच भीती पसरवून आपण खऱ्या प्रश्नावरून लक्ष उडवतो. खरा प्रश्न प्रतिजैविकांचा आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ साली दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसाला दुसरे काही लागू पडेनासे झाल्यावर द्यायचे कोलिस्टिन हे औषधही कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. केंद्र सरकारने त्यावर जुलै २०१९मध्ये बंदी घातली.

आणि दुसरा खरा प्रश्न आपला. करारावरच्या ब्रॉयलर शेडमध्ये कंपनी पिल्ले, खाद्य, औषध देते. शेड, वीज, पाणी आणि राबणे शेतकऱ्याचे. राबणे म्हणजे कोणाचे? तूस पसरायचे, ते रोज हलवायचे, भांडी घासायची, लहान पिल्लांसाठी बल्ब चालू आहेत ना हे रात्री दोनदा उठून पाहायचे, आणि अमोनियाने डोळे चुरचुरत असताना स्वयंपाकाला बसायचे. करारावर सही नवऱ्याची, किलोमागे मिळणारे वाढणावळीचे पैसे त्याच्या खात्यात, सुपरवायझर बोलणार त्याच्याशीच. शेडसाठीचे कर्ज मात्र कित्येकदा बचत गटातून तिच्या नावावर!

म्हणून सेंद्रिय आणि गावरानची मागणी वाढते आहे याचा आनंदच व्हायला हवा. कोंबडी अंगणात वाढते आहे, बाईच्या हातात आहे, भाव ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट आहे. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातल्या निघाल्या आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातली संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढलेली होती. पण आनंद करण्याआधी हे शब्द नीट तपासू या.

'गावरान' हा ज्याने त्याने वापरावा असा शब्द आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या सुधारित रंगीत जाती. चांगल्या आहेत, परसात तगतात, लवकर वाढतात. पण शेडमध्ये कोंडून, पोत्यातले खाद्य घालून वाढवलेली रंगीत कोंबडीही शहरात 'गावरान' म्हणूनच विकली जाते. रंग पाहून गिऱ्हाईक खूश. 'सेंद्रिय' या शब्दाला मात्र कायदा आहे. मोकळे फिरायला जागा हवी, पिंजरा नको, वाढीसाठी प्रतिजैविके नकोत (लस चालते), आणि खाद्यही सेंद्रिय शेतातले हवे. त्या शेताला रासायनिकातून बाहेर यायला दोन-तीन वर्षे द्यावी लागतात. वाडीतली कोंबडी उकिरड्यावर चरते आणि शेजारच्या फवारलेल्या शेतातही जाते. ती मोकळी आहे, पण या अर्थाने सेंद्रिय नाही. म्हणजे गाडीवाला जो शब्द विकतो तो त्याचा नाही आणि बाईचाही नाही.

तो शब्द रीतसर मिळवायचा तर नोंदणी लागते आणि नोंदणीला जमिनीचा गट नंबर लागतो. इथे आपण पुन्हा जुन्या दारात येऊन उभ्या राहतो. १९८६ला चांदवडच्या मेळाव्यात हजारो शेतकरी बायका जमल्या. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. त्यातून काही सातबाऱ्यांवर बायकोचे नाव चढले, बाकीचे होते तसे आहेत. आजवर कोंबडीला कागद लागत नव्हता म्हणून ती बाईची होती. कागद आला की ती मालकाची होणार, आणि तेही तिचा भाव वाढला नेमका तेव्हा.

भाव वाढला की माणसे कशी येतात हे कडकनाथने दाखवले आहे. झाबुआच्या आदिवासींनी जपलेली ही काळी कोंबडी. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. लगेच २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या करारी योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याच्या तक्रारी झाल्या, गुन्हे दाखल झाले. त्या पैशांत दागिने मोडून घातलेले किती होते, ते कोणी मोजले आहे का?

आणि संकट येते तेव्हा? फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर भोवतालच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. जानेवारी २०२१मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, त्या एका बचत गटाच्या पोल्ट्रीतल्या होत्या. पुढच्याच महिन्यात नवापूरला पुन्हा तेच. रोग थांबवायला पक्षी मारावे लागतात, त्यावर वाद नाही. पण भरपाई पकडून मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. पथक आले तेव्हा बाई मजुरीवर असेल तर तिच्या कोंबड्या किती हे कोण सांगणार? पावती कोणाच्या नावे फाटणार? आपल्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न रोग येण्याआधीच ग्रामसभेत विचारून ठेवले पाहिजेत.

पुन्हा वाडीकडे. बायकांचे पहिले दुःख गाडीवाल्याचे नव्हतेच, मानमोडीचे होते. उन्हाळ्यात मानमोडी आली की आठ दिवसांत सगळी खुराडी रिकामी होतात. लस आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. पण बाटली शंभर-दोनशे मात्रांची, बर्फात ठेवायची आणि एकदा फोडली की दोन-तीन तासांत संपवायची. आठ कोंबड्यांची मालकीण ती बाटली घेऊन काय करणार? एकटीने हे जमतच नाही. पंचवीस घरांनी एकाच पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी, हे करावे लागते. आठवड्याच्या पिल्लांना डोळ्यात-नाकात थेंब, दोन महिन्यांनंतर पंखाखाली सुई. उमेद अभियानातल्या पशुसख्या हे काम शिकलेल्या असतात. पशुसखी कोंबड्यांबरोबर त्यांच्या मालकिणींची नावेही लिहून घेते, आणि बाईच्या नावाने कोंबड्यांची नोंद होण्याचा बहुधा हा पहिलाच कागद असतो. अशी वही गावोगाव झाली तर भरपाईच्या वेळी दाखवायला काहीतरी हातात राहील.

त्या वाडीने तीन गोष्टी ठरवल्या. लसीची पहाट महिन्याभरात घ्यायची. गाडीवाल्याचा काटा नको, गटाचा काटा आणायचा, कारण हातावर तोलून देण्यात किलोमागे पावशेर जातो असा त्यांचा अंदाज आहे. तिसऱ्या गोष्टीवर बराच वाद झाला. पैसे रोख घ्यायचे की बाईच्या खात्यात? खाते असले तरी फोन नवऱ्याकडे, आणि फोन असला तरी गुप्त आकडा त्याला पाठ. एक म्हातारी म्हणाली, "नोटा बऱ्या. नोट कमरेला खोचता येती." सध्या तरी नोटाच घ्यायच्या असे ठरले. रोख द्यायला गाडीवाला कुरकुरला तर कोंबड्या पूर्वीसारख्या बाजारात न्यायच्या, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल.

मैत्रिणींनो, तुमच्या भागात गावरान किंवा सेंद्रिय म्हणून कोंबड्या उचलणारे व्यापारी, कंपन्या, उत्पादक गट येत असतील. ते भाव काय देतात, वजन कोण करते, पैसे कोणाच्या हातात देतात, सभासद म्हणून नाव कोणाचे लिहितात, हे चार ओळींत लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.