पदवीसाठी एक परकी भाषा सक्तीचीच हवी

सोलापूरच्या पदवी अभ्यासक्रमात एक परकी भाषा सक्तीची करावी, असा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले येते. आमच्या मुलांना इंग्रजीच धड येत नाही, त्यात आणखी जर्मन-जपानीचे ओझे कशाला? असे म्हणणारे बहुतेक जण रोज वर्गावर जाणारे प्राध्यापक असतात आणि मुलांच्या काळजीनेच बोलतात. म्हणून आधी त्यांचेच म्हणणे विचारात घेतो.

इंग्रजी कच्चे राहते ते मुलांची बुद्धी कमी म्हणून नव्हे. इंग्रजीच्या तासाला वर्ग पहिल्या दिवसापासून दुभंगलेला असतो. इंग्रजी माध्यमातून आलेली मुले बोलतात. मोहोळ-करमाळ्याच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेली मुले चुकण्याच्या धास्तीने गप्प बसतात आणि तीन वर्षे गप्पच राहतात. जपानीच्या पहिल्या तासाला दोघांच्याही पाट्या सारख्याच कोऱ्या असतील. उलट ज्याचे मराठी पक्के आहे, त्याला थोडे सोपेच जाईल. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाला जोडायचे ते नामामागून येते. 'गाक्को नि इकिमासु' यातला 'नि' हा 'शाळेला जातो' यातल्या 'ला'चेच काम करतो. घरी कानडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलीलाही ही ठेवण ओळखीची वाटेल. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, विभक्ती आहेत. निर्जीव वस्तूला लिंग कसे असते, या प्रश्नाशी इंग्रजीतून विचार करणारा अडखळतो. टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी म्हणतच वाढलेल्या मुलाला त्यात नवल वाटत नाही. आजवर ज्या मराठीमुळे हा मुलगा मागे पडतो असे त्याला सांगितले गेले, तिचा त्याला या वर्गात आधार मिळेल. या एका कारणासाठीही मी हा विषय मागेन.

दुसरा आक्षेप मराठीच्या प्राध्यापकांचा आहे आणि तो खरा आहे. अकरावी-बारावीला फ्रेंच किंवा जर्मन हा गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेतला जातो, मराठीचे वर्ग ओस पडतात, आणि दोन वर्षांनी त्या मुलांना ना फ्रेंच येते ना मराठी. हे प्रत्यक्ष घडते आहे. भाषेच्या जागेवरून आपण पूर्वी पोळलो आहोत हेही खरे. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर काढल्या गेल्या, आणि एम.ए.ला मराठीचा शिरकाव व्हावा म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना थेट आयुष्याच्या अखेरीपर्यंत झटावे लागले. तेव्हा मराठीची जागा घेऊन येणारी परकी भाषा मलाही नको. पण तशी गरजही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने आखलेल्या पदवीच्या चौकटीत इंग्रजीला आणि एका आधुनिक भारतीय भाषेला स्वतंत्र जागा आहे. ती जागा तशीच राहू द्यावी आणि परक्या भाषेचे क्रेडिट ओपन इलेक्टिव्हमधून काढावेत. परीक्षाही टक्क्यांची नसावी, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच शेरा असावा. गुणच मिळत नसतील तर गुणांसाठी कोणी मराठी सोडणार नाही. मराठीच्या अभिमान्यांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. शिकागो विद्यापीठात मराठी शिकवली जाते, आणि पदवीसाठी असलेली परभाषेची अट तिथला विद्यार्थी मराठी शिकूनही पुरी करू शकतो. आपल्या भाषेला जगाच्या विद्यापीठांत जी जागा मिळाली आहे, ती अशाच अटींमुळे टिकते.

तिसरे म्हणणे खास सोलापुरी आहे: आम्हाला भाषा शिकवायला कशाला हवी, इथला माणूस मराठी, कानडी, तेलुगू, दखनी चारही बोलतो. बोलतो हे खरे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण या भाषा पेठेत, साच्यावर, शेजारात कानावरून आलेल्या आहेत. तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी घरांतल्या मुलांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. बोलणे आणि त्या भाषेतले ज्ञान हाती येणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कसे कापतात हे याच गावच्या माणसाने दाखवले आहे. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले तेव्हा ते अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होते. तिथे ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत शल्यक्रिया शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. चार वर्षे युद्धाच्या धामधुमीत, जखमींवर शस्त्रक्रिया करता करता त्यांनी भाषा आत्मसात केली. अठरा वर्षांच्या मुलाला शांत वर्गात चार सत्रांत निदान वाचण्यापुरती भाषा येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

आता खरा वाद. काही समंजस लोक म्हणतात, भाषा ठेवा, पण ऐच्छिक ठेवा, सक्ती नको. हा मधला मार्ग मला अजिबात मान्य नाही. ऐच्छिक ठेवलेली गोष्ट आपल्याकडे ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्याकडे जाते. त्याला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्यूलर भवन आहे, खासगी वर्ग आहेत. अक्कलकोटहून एसटीच्या पासवर येणाऱ्या मुलीला यातले काहीही नाही. तिच्या महाविद्यालयात 'ऐच्छिक' जर्मनसमोर 'शिक्षक उपलब्ध नाही' असेच लिहिलेले राहील. विषय सक्तीचा झाला की शिक्षक नेमणे विद्यापीठाला भाग पडते. सक्ती दिसते विद्यार्थ्यावर, पण तिचा भार आधी विद्यापीठावर पडतो. मला ती त्यासाठीच हवी आहे.

कोणती भाषा कोणासाठी, हे समाजाने ठरवले तेव्हा काय झाले हे आपण विसरलेलो नाही. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, ते दार त्यांना बंद होते, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे कोलंबिया विद्यापीठात ते फ्रेंच आणि जर्मनही शिकले, आणि १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी त्यांनी लिहिले ते जर्मनमध्ये. सगळ्यांना सारखीच लागू असलेली अट कोणाला दाराबाहेर ठेवत नाही.

नोकरीचा मुद्दा उघड आहे, त्यावर थोडक्यात लिहितो. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांचा आकडा ठेवला. जपाननेही २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आहे आणि त्याला जपानीची परीक्षा लागते. भाषा ऐनवेळी चार महिन्यांत घोकून घेतली की काय होते, हे परदेशी जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांना विचारावे.

पण केवळ व्हिसासाठी भाषा शिकवायची असती तर ते काम खासगी क्लासवर सोडून देता आले असते. विद्यापीठाचे कारण वेगळे आहे. आपले विद्यापीठ २००४ साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झाले आणि आज अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करते. याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, आणि मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत धनगरांच्या पालख्यांची भेट होते. धनगरांच्या देवांवर गुंथर सोन्थायमर यांनी केलेला बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांचा मोठा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला तो जर्मनमध्ये. इंग्रजी वाचकाला तो १९८९ मध्ये मिळाला. ज्ञानदेवांच्या हरिपाठावर शार्लोत वोदव्हिल यांनी १९६९ मध्ये पॅरिसहून ग्रंथ काढला तो फ्रेंचमध्ये. पंढरीच्या वारीचा अभ्यास करणाऱ्या इरिना ग्लुश्कोव्हा रशियनमध्येही लिहितात. आमच्या माळावरचे आणि वाळवंटातले इतके ज्ञान या भाषांत आहे, आणि आमच्या पदवीधराला ते वाचता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोबाइल भाषांतर करून देतो. मालाच्या पावतीसाठी तो पुरेसा आहे. पण सोन्थायमरांनी धनगरी ओवी जर्मनमध्ये आणली तेव्हा तिचा अर्थ नेमका लागला की निसटला, हे यंत्र सांगू शकणार नाही. ती ओवी आजीच्या तोंडून ऐकलेला सांगोल्याचा मुलगा सांगू शकेल, त्याला जर्मन येत असेल तर. आजवर आपल्यावर लिहिले गेले आणि आपण ते इंग्रजीतून, उशिरा, ऐकून घेतले. त्या अभ्यासकांबद्दल मला आदरच आहे. पण चूक असेल तिथे चूक म्हणणारा इथला माणूस तयार झाला, तर तो आदर अधिक खरा ठरेल.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा. सोलापुरात शिक्षक नाहीत, हे बरोबर आहे. पण सोलापूर पुणे-हैदराबाद लोहमार्गावर आहे. एका टोकाला पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, दुसऱ्या टोकाला हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ. दोन्हीकडून दरवर्षी भाषा शिकलेली मुले बाहेर पडतात. चार-पाच महाविद्यालयांना मिळून एक पूर्णवेळ शिक्षक नेमावा आणि त्याला पूर्ण पगार द्यावा. तासिका तत्त्वावर तो इथे टिकणार नाही. जर्मन आणि जपानीपासून सुरुवात करावी. अरबी लगेच पुढच्या वर्षी यावी, कारण उर्दू वाचणाऱ्या मुलांना ती लिपी अर्धी आलेलीच असते. चिनीसाठी शिक्षक मिळायला वेळ लागेल, पण त्या पदाची जाहिरात विद्यापीठाने पहिल्याच वर्षी काढावी.