आकडा नवा म्हणून शोध नवा?

चिप तयार करताना सिलिकॉनची चकती पॉलिशिंग पॅडवर रासायनिक द्रव सोडून घासून सपाट करतात. पॅडवरच्या खाचा तो द्रव चकतीखाली सगळीकडे पोचवतात. या खाचांची खोली, रुंदी आणि दोन खाचांमधले अंतर यांच्या ठरावीक मर्यादांवर अप्लाइड मटेरिअल्सने अमेरिकेत पेटंटे मिळवली होती. फेरतपासणीत ती टिकली नाहीत आणि २०१२ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कारण जुन्या कागदपत्रांतल्या मर्यादा नव्या मर्यादांना छेदत होत्या.

अशा निकालांवर आक्षेप येतो तो असा: नेमकी हीच मापे एकत्र कोणी सांगितली होती? या आक्षेपाने फार तर नावीन्य सिद्ध होते, कल्पकता नाही. खाचेच्या मापावर द्रवाचा प्रवाह अवलंबून असतो हे एकदा माहीत झाले, की योग्य माप चाचण्या घेऊन शोधणे हे जाणकाराचे रोजचेच काम. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद खटल्यात भांडी कातताना धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट रद्द करताना हेच सांगितले: कारखान्यातली साधी सुधारणा पुरेशी नाही. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये फिनिश जमेपर्यंत स्पीड आणि फीड बदलून पाहतात. त्या आकड्यांवर मक्तेदारी दिली, तर शेजारच्या गाळ्यातल्याचे नेहमीचे कामच अडेल.

मग आकड्यांवर पेटंट देऊच नये, हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे. भारतीय पेटंट कायद्याचे कलम २(१)(ja) तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागते आणि शोध जाणकाराला उघड नसावा म्हणते; आकड्यांना ते वगळत नाही. मागितलेल्या मर्यादेत अनपेक्षित परिणाम मिळत असेल, किंवा जुने लेखन तिच्यापासून दूर राहायला सांगत असेल, तर तो आकडाच शोध ठरतो. मात्र पुरावा मागितलेल्या सगळ्या पट्ट्याला पुरला पाहिजे. अमेरिकेतल्या २००३ च्या पीटरसन प्रकरणात मिश्रधातूतल्या रेनियमची मागणी १ ते ३ टक्क्यांची होती, जुना पट्टा ० ते ७ टक्क्यांचा. सुधारणा दिसली ती २ टक्क्यांवर. अर्ज फेटाळला गेला, आणि ते रास्तच होते.

नाशिकच्या उद्योजकांनी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज करताना मर्यादेच्या आतली आणि बाहेरची, दोन्हीकडची रीडिंग्ज सुरुवातीलाच जोडावीत. मूळ विवरणात नसलेला मजकूर कलम ५९ नुसार दुरुस्ती करून नंतर घालता येत नाही.