कतारगामचा मराठी पोरगा : दप्तर एक, भाषा चार

सुरत : हिऱ्याच्या घंट्या आणि लूमची खटखट, ही कतारगामची ओळख. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी वस्ती दाट आहे. कतारगामात मात्र मराठी घरं काठियावाडी शेजारात विखुरलेली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने येऊन इथे स्थिरावलेल्या अशा घरातला सहावी-सातवीतला पोरगा 'अभ्यासात कच्चा' ठरला, की सगळे त्याच्या डोक्याला दोष देतात. त्याचा दिवस कसा जातो, हे कुणी विचारत नाही.

बाप लूमवर, पाळी १२ तासांची. रात्रपाळी असली की सकाळी येऊन तो त्याच एका खोलीत झोपणार. मग पाढे मोठ्याने म्हणायचे नाहीत, दिवा लावायचा नाही. आई घरी साड्यांचे धागे कापते, खडे चिकटवते. पैसे नगावर मिळतात, म्हणून शाळेतून आल्यावर पोराचे हातही त्यात लागतात. 'गृहपाठ का नाही केला?' याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

दुसरा पेच भाषेचा. घरात अहिराणी, मराठी शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी, गल्लीत गुजराती, शिवाय हिंदी-इंग्रजीचे तास. पोरगा वहीत 'घरमा' लिहितो. मराठीचे गुरुजी ते खोडून 'घरात' करतात. पुढच्या तासाला गुजरातीच्या पुस्तकात 'घरमां' असतं आणि तेच बरोबर! म्हणजे त्याची घरची बोली गुजरातीकडे जाणारा तयार पूल आहे. आपल्या शाळा तिला चूक समजतात. बोलीची लाज वाटायला लागली की पोरगा वर्गात बोलायचाच बंद होतो.

गुजराती टाळता येणार नाही, टाळूही नये. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी गुजरात विधानसभेने मंजूर केलेल्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची झाली. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला. तिकडे तो योग्य म्हणणाऱ्याला इकडचाही मान्य करावा लागेल. पण घटनेचं कलम ३५०-अ सांगतं, की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठीसह सात माध्यमांच्या शाळा चालवते, ही मोठी जमेची बाजू. अडचण अंतराची आहे. मराठी शाळा लांब पडली, की पालक जवळची गुजराती शाळा धरतात आणि पोरगा घरची मराठी लिहायला कधी शिकतच नाही.

तिसरी अडचण कागदांची, आणि ती उशिरा कळते. इथल्या दाखल्यावर बापाच्या नावापुढे 'भाई' लागतं, गावच्या कागदांवर नसतं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. जातीच्या दाखल्याचं तर त्याहून अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या निकालानुसार एका राज्यातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तिथल्या सवलती आपोआप मिळत नाहीत. गावी सवलत असलेलं घर इथे शिष्यवृत्तीच्या फॉर्मपाशी अडतं.

आठवीनंतर खरी कसोटी. मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयापुरता. नववीला जवळ मराठी वर्ग नसेल तर ऐन वेळी माध्यम बदलायचं किंवा शाळा सोडायची. लूमवर आणि घंटीवर पोराला उभं करायला ओळखीचा एक माणूस पुरतो. शाळेत टिकवायला मात्र पालक, गुरुजी, पालिका असे सगळे लागतात.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. वस्तीजवळच्या पालिका शाळेची एक खोली संध्याकाळी दोन तास अभ्यासाला उघडी ठेवता येईल. गुरुजींना अहिराणीचा हात धरून मराठी आणि गुजराती दोन्ही शिकवता येतील. पालकांनी जूनमध्ये प्रवेश घेताना नावाचं स्पेलिंग आणि क्रम आधारशी ताडून घ्यावा. नववी कुठे करायची, हे सातवीतच विचारून ठेवावं. मराठी मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून अशा एका अभ्यासिकेचा खर्च उचलला, तर पोराला पाढे मोठ्याने म्हणायला जागा तरी मिळेल.