गद्गद विद्यार्थी आणि आपण

बारावीनंतर प्रवेशाचे दिवस आले की तोतरे बोलणाऱ्या मुलास घेऊन पालक वैद्यांकडे येतात. व्याधी बालपणापासूनची, घाई मात्र आताच. शाळेत सर्वांच्या परिचयाचा असलेला मुलगा आता अनोळखी वर्गात उभा राहून स्वतःचे नाव सांगणार असतो. इतर शब्द अडला तर पर्यायी शब्द योजता येतो. नावाला पर्याय नसतो, म्हणून अनेकांची वाणी नेमकी तेथेच अडते.

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मूक, मिन्मिण व गद्गद यांची संप्राप्ती एकत्र सांगितली आहे. सकफ वायू शब्दवाहिनी धमन्यांना आवृत करतो. दोष मुलाच्या भित्रेपणावर न ढकलता शरीरात शोधला, हे विशेष. २०१० साली काही कुटुंबांतील तोतरेपणाचा संबंध विशिष्ट जनुकांतील बदलांशी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ‘धीट हो, सावकाश बोल’ हा उपदेश दोन्ही शास्त्रांना अपुराच वाटेल.

तरीही वेखंड-अक्कलकाऱ्याच्या पुड्या ‘महिन्यात वाणी मोकळी’ या शब्दावर विकल्या जातात. बालपणी अडखळणारी बहुसंख्य मुले आपोआप बरी होतात आणि श्रेय पुडीला मिळते! अठराव्या वर्षापर्यंत टिकलेला दोष सहसा पूर्णपणे जात नाही. कल्याणक घृताच्या फलश्रुतीत गद्गदवाणीचा उल्लेख आहे, ते योजणाऱ्यांस आक्षेप नाही. पण औषधी विक्रेत्यांनी वा वैद्यांनी मुदतीचे वचन देऊ नये. वाक्-उपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा तो कसला?

आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांतही असे विद्यार्थी येतात. संहितेचे श्लोक समूहात म्हणताना ते बहुधा अडत नाहीत. सामूहिक पठणात तोतरेपणा लोपतो, हे सर्वज्ञात आहे. मौखिक परीक्षेत मात्र पहिल्याच अक्षरावर जीभ थांबते, आणि परीक्षक त्या स्तब्धतेला अज्ञान समजून पुढील प्रश्न विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचादोषाची व्याख्या स्वरयंत्र काढल्याने वा वाचाघाताने आलेल्या कायम दोषास धरून आहे. तोतरेपणास तिचा आधार मिळणे कठीण. तूर्त सारे परीक्षकाच्या विवेकावर अवलंबून आहे, आणि आपले कित्येक सभासद परीक्षक आहेत. त्यांनी वाक्य पूर्ण होऊ द्यावे, मध्येच शब्द पुरवू नये, विद्यार्थ्याने उत्तर लिहून देण्याची अनुमती मागितल्यास ती द्यावी. येत्या परीक्षांपूर्वी संघाने या आशयाचे निवेदन नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठास सादर करावे, अशी माझी सूचना आहे.